वारायांच्या कलेला राष्ट्राच्या यादीत जागा द्या : मनिलाच्या संस्कृती आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राष्ट्रीय संस्कृती व कला आयोग,
इंट्राम्युरोस, मनिला, फिलिपिन्स

सादर नमस्कार.

विषय आधीच सांगते. लोककलेतल्या थोर कारागिरांना आणि कलावंतांना आपला आयोग 'गावाद सा मानलिलिखा नांग बायान' हा सन्मान देतो. १९९२ च्या कायदा क्रमांक ७३५५ मुळे तो सुरू झाला, १९९३ मध्ये पहिले तीन मानकरी निवडले गेले आणि २०२३ मध्ये आणखी नऊ जणांची भर पडून यादी २५ नावांवर गेली. या २५ नावांत वाराय माणसाचं, म्हणजे समार-लेयटे बेटांवर वाराय भाषा बोलणाऱ्याचं, नाव एकही नाही. समार बेटावरच्या बासेय गावात तिकोग गवताच्या चटया विणणाऱ्या बायांना, आणि त्यांच्या जोडीनं सिदाय ही पारंपरिक कविता रचणाऱ्या व म्हणणाऱ्या वाराय कवींना हा मान मिळावा, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे.

मी महाराष्ट्रातली. २०१३ च्या वादळानंतर लेयटे बेटावरच्या टॅक्लोबान शहराच्या आसपास घरं पुन्हा उभी करण्याचं काम चाललं होतं, त्या कामावर मी होते. तेव्हापासून त्या मुलखाचा जो लळा लागला तो सुटलेला नाही. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत जाहीरपणे लिहिते आहे, कारण टॅक्लोबान हे नाव आमच्या वर्तमानपत्रांत आलं ते फक्त मृतांच्या आकड्याला जोडून. ज्या लोकांची प्रेतं आम्ही टीव्हीवर पाहिली, त्यांच्या हातात काय कसब आहे हे आमच्याकडे कोणी कधी सांगितलं नाही. तेही सांगून व्हावं, ही इच्छा आहे.

मराठी वाचकांसाठी मुलखाची थोडी ओळख करून देते, आपण ती सोडून पुढे वाचावं. फिलिपिन्सच्या मध्यभागी बिसाया नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्याच्या पूर्व टोकाला, थेट पॅसिफिकच्या तोंडाशी समार आणि त्याला खेटून लेयटे. समार, लेयटेचा ईशान्य भाग आणि शेजारच्या बिलिरान बेटाचा काही भाग इथले लोक वाराय भाषा बोलतात. समार आणि लेयटेच्या मधे अरुंद सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर १९७३ मध्ये पुरा झालेला, दोन किलोमीटरहून लांब सान हुआनिको पूल. पॅसिफिकमधून उठलेली कितीतरी वादळं पहिली थडकतात ती याच किनाऱ्याला. जगानं ज्याला हैयान म्हटलं आणि तिथली माणसं ज्याला योलांदा म्हणतात, ते वादळ ८ नोव्हेंबर २०१३ ला पूर्व समारमधल्या गिवानला जमिनीवर आलं. देशभरात सहा हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक याच पट्ट्यातली.

मनिलात वाराय माणसाबद्दल बोलणं निघालं की दोनच गोष्टी ऐकू येतात: तापट डोकं आणि वादळ. टॅक्सीवाल्यापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत सगळे हेच सांगतात, आणि बहुतेक जण कौतुकानंच सांगतात. वाराय कोणाला भीत नाही, असं. पण धीट म्हणून गौरव करणं आणि कलावंत म्हणून मान देणं यात फार अंतर आहे. मी मागते आहे तो दुसरा मान. वादळानं त्यांचं फार नुकसान केलं म्हणून तो द्या, असंही मी म्हणत नाही. वादळ आलंच नसतं तरी ही मागणी इतकीच रास्त होती.

आता बासेय. हे गाव सामुद्रधुनीच्या समारकडच्या अंगाला, टॅक्लोबानच्या जवळजवळ समोर. इथल्या चटईला बानिग म्हणतात आणि ती तिकोग नावाच्या गवताची असते. तिकोग म्हणजे लव्हाळ्याच्या जातीचं पाणगवत. भातखाचरांच्या कडेला, दलदलीत उगवतं. ते कापून आणायचं, उन्हात वाळवायचं, मग लांबी आणि जाडी बघून निवडायचं. रंगाची भुकटी घातलेल्या उकळत्या पाण्यात त्याच्या जुड्या बुडवायच्या आणि पुन्हा वाळत घालायच्या. नंतर एकेक काडी दाबून चपटी करायची. हे सगळं हातावेगळं झालं की विणायला बसायचं. कोरडी झालेली काडी विणताना तुटते, म्हणून हवा गार आणि दमट लागते. पत्र्याच्या घरात भर दुपारी ते जमत नाही. बासेयच्या बायका त्यासाठी साओबच्या गुहेत जाऊन बसतात. गुहेतली हवा दिवसभर ओलसर राहते आणि तिकोग लवचीक राहतं. हे कोणा संशोधकानं त्यांना शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ते ताडलं.

तिथे एका वयस्क बाईशेजारी मी बराच वेळ बसले होते. गुडघे मुडपून, कंबरेत वाकून, विणून झालेला भाग एका पायाखाली दाबून ती काम करत होती. साधी वीण आधीच पुरी झाली होती. आता तिच्यावर फूल भरणं चाललं होतं. तांबडी पात मूळ विणीच्या दोन काड्यांखालून घ्यायची, तिसरीवरून काढायची, पुन्हा खाली. पाकळीच्या टोकाला गोलाई यावी म्हणून एका ओळीत एक काडी सोडायची आणि पुढच्या ओळीत तीच धरायची. पुढ्यात कागद नव्हता, नमुना नव्हता. मधेच ती थांबली, बोटानं मागे मागे मोजत गेली आणि सरळ काही ओळी उसवून टाकल्या. मला काही चुकलेलं दिसलं नव्हतं. तिनं चटईचा कोपरा उलटा करून दाखवला. मागच्या अंगाला एक टाका फक्त एका काडीनं सरकला होता. वरच्या बाजूनं तो कोणाच्याही लक्षात आला नसता. शेजारी बसलेली तिची नात हे बघत होती, आणि तिनंही गुपचूप आपल्या हातातला तुकडा उलटा करून पाहिला.

ही नजर कुठल्या शाळेत मिळत नाही. आपल्या सन्मानाच्या निकषांत साधन आणि सामग्रीवरची पकड, कामाचा सातत्यानं राखलेला उंच दर्जा आणि पुढच्या पिढीला ते शिकवणं या गोष्टी येतात. त्या एका कोपऱ्यात मला तिन्ही दिसल्या.

चटई हा मानाचा विषय आहे की नाही, हा प्रश्न तर आपणच केव्हाच निकालात काढलेला आहे. ताविताविच्या हाजा आमिना आप्पी यांना आपण २००४ मध्ये पांदानच्या (केवड्याच्या जातीच्या झाडाच्या) चटयांसाठी गौरवलंत, आणि सारांगानीच्या ब्लआन जमातीतल्या विणकर एस्तेलिता बान्तिलान यांना २०१६ मध्ये. दोन्ही निवडी अगदी योग्य होत्या. आप्पी यांच्या सामा परंपरेत नक्षी विणीतूनच उमटते. रंगीत पाती एकमेकींत गुंतत जातात आणि भौमितिक आकार तयार होतो. बासेयची रीत निराळी. तिथे आधी साधी चटई विणतात आणि मग तिच्यावर पातीनंच भरतकाम करतात, सुई-दोऱ्यानं कापडावर करावं तसं. त्यामुळे बासेयच्या चटईवर फुलं येतात, पक्षी येतात, सान हुआनिकोचा पूल येतो, अगदी माणसाचा चेहरासुद्धा येतो. गवताच्या पातीनं गालाचा उतार दाखवणं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा जवळून पाहिलं तो या कलेला हस्तोद्योगाच्या रकान्यात टाकून मोकळा होणार नाही.

आणि आज होतं नेमकं तेच. टॅक्लोबानच्या दुकानात बानिग टांगलेली असते, तिच्यावर किमतीची चिठ्ठी असते, विणणारीचं नाव नसतं. मधला व्यापारी नगावर पैसे देतो. तिकोगच्या पिशव्या, चपला, ताटाखालच्या चटया यांना मागणी आहे, पण त्यात कसब कमी आणि घाई जास्त. चेहरे भरणाऱ्या बायका आता वयस्क झाल्या आहेत. प्लास्टिकची चटई स्वस्तात मिळते आणि पाण्यानं खराबही होत नाही. २०१३ मध्ये समुद्र आत घुसला तेव्हा घरांबरोबर विणायचं सामानही गेलं. बायकांनी पुन्हा जुळवाजुळव केली आणि त्या पुन्हा विणायला बसल्या. तरी घरातल्या मुलीनं हेच काम पुढे करावं असं त्यांना वाटावं, यासाठी या कामाला पैशांबरोबर प्रतिष्ठाही लागते, आणि ती देणं आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट कवितेची, आणि ती मला चटईइतकीच महत्त्वाची वाटते.

फ्रान्सिस्को इग्नासियो अल्सिना हे जेझुइट पाद्री समार-लेयटेत तीसहून अधिक वर्षं राहिले. १६६८ मध्ये त्यांनी बिसाया बेटांबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात इथल्या काव्यप्रकारांची नावं आणि रीती आहेत. अंबाहान आहे, मेलेल्या माणसाचे गुण गात करायचा विलाप, म्हणजे हाया, आहे, पूर्वजांचं आणि वीरांचं वर्णन करणारा, रूपकांनी गच्च भरलेला आणि म्हणून सगळ्यांत अवघड समजला जाणारा सिदाय आहे. मला सर्वांत आवडतो तो बिकाल. दोघं समोरासमोर उभे राहून गाण्यातून एकमेकांची उणीदुणी काढतात, भोवतीची मंडळी हसून दाद देतात, आणि समोरच्याची पद उचलून त्याच चालीत उलट टोला हाणणारा जिंकतो. ज्यानं आमच्याकडे कलगी-तुऱ्याची बारी रात्रभर ऐकली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. तिथेही फड असा रंगतो आणि तिथेही शब्द सुचायला उशीर झाला की माणूस हरतो.

आपला नियम सांगतो की परंपरा किमान ५० वर्षं चालत आलेली आणि नोंदलेली असावी. सिदायची नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. आणि कवितेला हा सन्मान देता येतो हेसुद्धा आपणच दाखवलंत: पहिल्याच वर्षी, १९९३ मध्ये, मिंदोरो बेटावरच्या हानुनुओ मांग्यान जमातीतले कवी गिनाव बिलोग यांना अंबाहानसाठी तो दिला गेला. बिसाया बेटांवरून पानायचे फेदेरिको काबायेरो आपल्या यादीत आहेत, महाकाव्यं मुखोद्गत ठेवल्याबद्दल. मग अल्सिनाच्या वहीत ज्यांची कविता उतरली, त्या समार-लेयटेकडे पुढचं पाऊल पडायला काय हरकत आहे?

सिदाय जुना झाला आणि संपला असंही नाही. नॉर्बेर्तो रोमुआल्देझ यांनी १८९९ मध्ये वाराय भाषेतली पहिली सारसुएला, म्हणजे संगीत नाटक, लिहिली आणि ती लेयटेतल्या तोलोसा गावात रंगमंचावर आली. मग गावोगावच्या जत्रांत वाराय संगीत नाटकं होऊ लागली. १९०९ मध्ये त्यांनीच समार-लेयटेच्या भाषेसाठी 'सांघिरान' ही मंडळी स्थापन केली. भाषेची जोपासना करायची, शब्द जपायचे आणि घडवायचे, हा उद्देश. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १९३६ चा राष्ट्रभाषा संस्थेचा कायदा त्यांच्याच नावानं ओळखला जातो, आणि त्या संस्थेनं राष्ट्रभाषेसाठी पाया धरला तो तागालोगचा. स्वतःच्या भाषेसाठी घर बांधणाऱ्या माणसानं देशाच्या भाषेसाठीही घर बांधलं. त्या दुसऱ्या घरात वारायला कोपरा मिळावा ही अपेक्षा म्हणूनच मला आगाऊपणाची वाटत नाही. त्याच काळातले इलुमिनादो लुसेन्ते. पालो गावचे. विनोदी नाटकं आणि बोचऱ्या कविता लिहून त्यांनी आपल्याच गावकऱ्यांना हसवलं आणि चिमटेही काढले. मातृभूमीवरची त्यांची कविता आजही वाराय माणसांना तोंडपाठ असते.

लेखक मंडळी सोडा, साध्या माणसांचं सांगते. टॅक्लोबानच्या रेडिओवर एके काळी श्रोत्यांनी पाठवलेले सिदाय वाचून दाखवले जात. पाठवणारे शेतकरी, कोळी, शिक्षक. विषय काहीही: प्रेम, महागाई, गावचा बिघडलेला रस्ता. लेयटे-समारच्या आतल्या वाड्यांत संध्याकाळी तुबा घेऊन मंडळी बसली की अजूनही कोणीतरी यमक जुळवून बोलायला लागतं आणि दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. तुबा म्हणजे नारळाची ताडी, झाडाच्या सालीनं लाल झालेली. त्या बैठकीत मी अर्धंच समजत होते, पण कोणाचा टोला बसला हे कळायला भाषा लागत नव्हती.

आजच्या लेखकांत व्होल्टेर ओयझोन वारायमध्ये सिदाय लिहितात आणि भाषेच्या शब्दसंग्रहाचंही काम करतात. व्हिक्टर सुग्बो यांनी वाराय साहित्य गोळा केलं आणि स्वतःही लिहिलं. मर्ली अलुनान यांनी टॅक्लोबानच्या विद्यापीठात शिकवताना तरुणांना मातृभाषेत लिहायला लावलं. वादळानंतर तिथे ज्या कविता लिहिल्या गेल्या, त्या वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती: या लोकांकडे दुःख सांगायची घडलेली, तासलेली रीत आधीपासूनच होती. हाया म्हणणाऱ्या पणज्यांच्या नाती आहेत त्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. विकिपीडियाच्या वाराय आवृत्तीत बारा लाखांवर नोंदी आहेत. आमच्या मराठीत त्याचा दहावा हिस्साही नाही. पण वारायमधल्या बहुतेक नोंदी एका स्वीडिश माणसानं चालवलेल्या संगणकी आज्ञावलीनं आपोआप तयार केलेल्या आहेत, प्राण्या-वनस्पतींच्या जातींबद्दलच्या आणि गावांबद्दलच्या दोन-तीन ओळी. आकडा बघून कोणी समजेल की भाषेचं फार बरं चाललंय. खरी परिस्थिती शाळेत दिसते. २०१२ पासून पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवायचं धोरण आलं, त्यात वाराय होती. ऑक्टोबर २०२४ च्या कायदा क्रमांक १२०२७ नं मातृभाषा हे शिक्षणाचं सक्तीचं माध्यम राहिलं नाही. तो निर्णय आपल्या आयोगाचा नाही हे मला ठाऊक आहे. पण शाळेचा आधार सैल झाला असताना सिदाय म्हणणाऱ्या एखाद्या आजोबांना राष्ट्रानं व्यासपीठावर बोलावलं, तर वर्गातल्या मुलाला आपल्या घरच्या भाषेकडे बघायला वेगळं कारण मिळेल.

कुरात्साबद्दल न लिहिता हे पत्र पुरं होणार नाही. वाराय लग्नात हा नाच नसेल तर लग्न झालंसं वाटत नाही. मी पाहिलेल्या एका लग्नात नवरा-नवरीनंतर मानाचे पाहुणे नाचायला उतरले. साठी ओलांडलेला एक नारळबागायतदार आणि त्याच्या नात्यातली त्याच वयाची एक बाई. तारवाद्यांचा ताफा वाजत होता. बाईनं घागऱ्याचे काठ चिमटीत धरले आणि इतकी बारीक, भरभर पावलं टाकू लागली की कंबरेच्या वर काही हलतच नव्हतं. जणू कोणी तिला जमिनीवरून सरकवत नेत होतं. तो कोंबड्यासारखे हात पसरून तिच्याभोवती घिरट्या घालत होता. ती पाठ फिरवायची, तो वाट अडवायचा, ती बगल देऊन निसटायची. शेवटपर्यंत एकमेकांना स्पर्श नाही. पाहुणे पुढे येऊन नोटा उधळत होते; त्याला गाला म्हणतात आणि ते पैसे नव्या संसाराला जातात. नाच संपल्यावर ती बाई धापा टाकत खुर्चीत बसली. शेजारच्या तरुण मुलीनं तिला पाणी दिलं आणि लगेच विचारलं, ते वळण कसं घेतलंस? खुर्चीत बसल्या बसल्याच तिनं पायांनी ते करून दाखवलं.

कुरात्सावर स्पॅनिश छाप आहे, म्हणून तो अस्सल देशी नव्हे, असं कोणी म्हणेल. वारायांबद्दल सर्वसाधारण आक्षेपही असाच असतो: हे सखल प्रदेशातले ख्रिस्ती लोक, डोंगरातल्या आदिवासी जमातींसारखी त्यांची परंपरा शुद्ध राहिलेली नाही. पण आपले स्वतःचे निकष असं म्हणत नाहीत. बाहेरून आलेलं पचवून आपलंसं केलेल्या समाजालाही त्यात जागा आहे. पाम्पांगातल्या आपालितचे एदुआर्दो मुतुक यांना आपण २००४ मध्ये धातुकामासाठी गौरवलंत, आणि ते काम चर्चच्या वेदीशी, देवाच्या मूर्तींशी जोडलेलं आहे. इलोकोसच्या विणकर मागदालेना गामायो आपल्या यादीत आहेत, त्याही सखल प्रदेशातल्याच. दरवाजा उघडलेला आहे, वाराय अजून आत आले नाहीत इतकंच.

बाकी मुलूखही रिकामा नाही. गिवानच्या जुन्या चर्चच्या आतल्या भिंती शिंपल्या-शंखांनी सजवलेल्या होत्या. २००१ मध्ये ते राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालं, २०१३ मध्ये कोसळलं आणि पुन्हा उभं केलं गेलं. गिवानमध्ये शंख-शिंपल्यांचं काम आजही घराघरांत चालतं. लेयटेतल्या अबुयोगमध्ये दरवर्षी मधमाश्यांच्या वेशात रस्त्यावर नाच होतो. टॅक्लोबानच्या पिन्तादोस उत्सवात तरुण अंगभर नक्षी रंगवून उतरतात, गोंदवून घेणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून. स्पॅनिश लोकांनी बिसायांना पिन्तादोस हे नाव दिलं ते त्या गोंदणावरूनच. काल्बायोगचे राउल इसिद्रो अमूर्त चित्रकलेत देशभर नावाजलेले. या प्रत्येकावर वेगळं पत्र होईल.

आता मागण्या नेमक्या मांडते.

बासेयमधून कोणा एकीचं नाव काढणं कठीण आहे हे मान्य. तिथे एकच चटई कधी कधी तिघींच्या हातांतून जाते: एक रंगवते, एक विणते, एक भरते. म्हणून एका व्यक्तीऐवजी विणकर बायांच्या गटाला हा सन्मान देता येईल का, याचा विचार व्हावा. नियमात ते बसत नसेल तर गटानंच आपल्यातली एक निवडावी आणि आयोगानं ती निवड मानावी. मनिलातून जाऊन कोणी सर्वांत छान चटई निवडू नये.

पाहणीसाठी आपली माणसं येतील तेव्हा ती सणाच्या दिवशी येऊ नयेत. २९ सप्टेंबरला सान मिगेलचा सण असतो, त्या सुमाराला गावात चटयांचा उत्सव होतो, मिरवणुका निघतात आणि सगळं नटलेलं असतं. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, पहाटे, रंगाचं पाणी उकळत ठेवलेलं असतं तेव्हा यावं. साओबच्या गुहेत निदान अर्धा दिवस बसावं. सोबत वाराय बोलणारा माणूस असावा. बायका तागालोगमध्ये उत्तरं देतात ती पाहुण्याला द्यायची उत्तरं असतात.

नोंदी करताना चटईचा फोटो आणि माप यांवर थांबू नये. कुठली नक्षी कोणाकडून कोणाला आली, तिला घरात काय नाव आहे, ती भरायला पहिली काडी कुठून धरायची, हे विणकरांच्या तोंडून वारायमध्येच ध्वनिमुद्रित व्हावं. आणि प्रत्येक नोंदीवर विणणारीचं नाव असावं, तिची परवानगी घेऊन. सिदायचंही तसंच. छापलेल्या कवींपर्यंत पोचणं सोपं आहे. तुबाच्या बैठकीत ज्याच्यापुढे बाकीचे गप्प होतात असा माणूस प्रत्येक गावात एखादा असतोच, त्याला शोधायला हवं. तो कधी अर्ज भरणार नाही.

आपल्याच 'जिवंत परंपरांच्या शाळा' या योजनेतून बासेयमध्ये शिकवणाऱ्या आजींना नियमित मानधन मिळावं आणि शिकणाऱ्या मुलींना तिकोग विकत घ्यावं लागू नये, हीही विनंती आहे. कच्चा माल महाग झाला की पहिली कात्री शिकणाऱ्यांवरच लागते, कारण शिकणारीचा हात काड्या वाया घालवतो आणि त्या वाया जाऊ देणं घराला परवडत नाही. जिथे तिकोग उगवतं त्या पाणथळ जमिनी भराव टाकून बुजवल्या जाऊ नयेत, यासाठी आयोगानं स्थानिक प्रशासनाला लेखी कळवावं. कला राखायची आणि गवताची जमीन घालवायची, हे एका वेळी चालणार नाही.

नामनिर्देशनासाठी लागणारे फोटो, मुलाखती आणि जुन्या नोंदी गोळा करायला समार-लेयटेतली काही तरुण मंडळी तयार आहेत, मीही माझ्या परीनं मदत करीन. पुढच्या निवडीसाठी अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतले जातील आणि गटाच्या नावानं अर्ज स्वीकारला जाईल का, एवढं आयोगानं जाहीरपणे कळवावं. वारायमध्ये कळवलंत तर बासेयच्या बायका ते स्वतः वाचतील.

कळावे,
आपली नम्र,
टॅक्लोबानमध्ये राहून आलेली एक मराठी स्त्री